काटेसाहेबांचं तात्पुरतं कार्ड

सोमवारी संध्याकाळी सव्वासहाला बाई मुलांच्या वाचनालयात चोविसावी खुर्ची ठेवत असताना वाचनालयावर हिरवे पट्टे आले. आधी खिडक्यांवर आले, मग पुस्तकांच्या कपाटांवर, आणि बघता बघता अख्खी खोली हिरव्या गजांमागे गेली. हे वाचनालय अजून बांधलेलं नव्हतं. ते बाईंच्या कॉम्प्युटरमध्ये होतं आणि शनिवारी सकाळी अकरा वाजता सध्याच्या जुन्या वाचनालयाच्या समितीला दाखवायचं होतं.

"अहो, जरा इकडे या," बाईंनी हाक मारली.

काटेसाहेब आतल्या खोलीतून आले. त्यांनी चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं, मग चष्मा काढून पाहिलं आणि म्हणाले, "पट्टे आलेत."

"ते मलाही दिसतंय."

काटेसाहेबांचं आडनाव काटे नव्हतं. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते, आणि तीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासल्यावर माणसाचं खरं आडनाव फक्त सरकारी कागदावर उरतं. ते बाजारात शिरले की पुढच्या दुकानापासून शेवटच्या दुकानापर्यंत निरोप जायचा, आणि लोंबकळणारे तराजू शाळेतल्या मुलांसारखे सरळ उभे राहायचे. साहेब मनाने कठोर नव्हते. फक्त मापात चूक झाली की त्यांना ती अंगावर उठल्यासारखी टोचायची.

बाई म्हणजे त्यांची बायको. सव्वीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवल्यामुळे शेजारीपाजारी तर सोडाच, नातेवाईकसुद्धा त्यांना बाईच म्हणत. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून त्यांनी कॉम्प्युटरवर खोल्यांची रचना करायचा क्लास लावला. वर्गात बाकीचे सगळे त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. बाई वर्गात पहिल्या आल्या, हे त्यांनी घरी दोन दिवसांनी सांगितलं, तेही भाजी निवडताना. मुलांच्या वाचनालयाचं हे त्यांचं पहिलं काम, तेही अजून मिळालेलं नाही. दुसऱ्या बाजूला काचेच्या ऑफिसात बसणारी एक मोठी कंपनी होती.

मुलगा परगावी नोकरीला होता. त्याला फोन लावून पट्ट्यांचं वर्णन करण्यात आलं. ते साहेबांनी केलं, त्यामुळे त्यात पट्ट्यांची रुंदी आणि दोन पट्ट्यांमधलं अंतर हेही आलं.

"बाबा, ग्राफिक कार्ड गेलं," मुलगा म्हणाला. "पडद्यावर चित्र उमटवतो ना, तो भाग. आता भारी काही घेऊ नका. पुढच्या महिन्यात येताना मी नवा कॉम्प्युटरच आणतोय. तोवर तात्पुरतं, स्वस्तातलं एखादं टाका. मी मागवून देऊ का इथून?"

"तू कशाला? मी आहे ना," साहेब म्हणाले.

बाईंनी डोळे मिटले. 'मी आहे ना' हे तीन शब्द त्या घरात याआधी दोनदा उच्चारले गेले होते. पहिल्या वेळी न्हाणीघरातला आरसा छातीच्या उंचीवर बसला, आणि दुसऱ्या वेळी पडद्याची दांडी खिडकीसकट खाली आली.

'तात्पुरतं' हा शब्दही साहेबांना फार साधा वाटला. वास्तविक सरकारी नोकराला तो वाटायला नको होता. त्यांच्या कार्यालयाच्या मागे एक तात्पुरती पत्र्याची शेड होती, तिच्या भिंतींना आतापर्यंत पाच वेळा रंग दिला गेला होता. पण माणूस नोकरीत शिकलेलं घरी वापरत नाही, हेच खरं.

मंगळवारी साहेबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सल्ले गोळा केले. गोळा केले म्हणणं बरोबर नाही. साहेबांनी जिन्यात फक्त 'कार्ड' हा शब्द उच्चारला, बाकीचं आपोआप झालं.

खालच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहायचे. बँकेतून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतर हातात शिक्का नाही म्हणून अस्वस्थ. ते म्हणाले, "सोपं असतं हो. प्रत्येक कार्डाला नंबर असतो. मोठा नंबर म्हणजे चांगलं कार्ड. डोळे झाकून मोठा नंबर उचला."

समोरच्या दंतवैद्यांचं मत वेगळं पडलं. "नंबराला काय चाटायचंय? पंखे मोजा. कार्ड तापतं. तापलं की गेलं. माझ्या एक्स-रेच्या मशीनचं काय झालं माहितीय ना? एकाच पंख्यावर होतं बिचारं. तुम्ही दोन पंख्यांचं घ्या."

"पण मुलगा म्हणतो साधं घ्या."

"साधंच घ्या. पण दोन पंख्यांचं साधं."

कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला म्हणाला की नंबर आणि पंखे दोन्ही फसवे असतात, खरी असते ती मेमरी. मग त्याने त्याच्या मेहुण्याची हकिकत सांगितली. मेहुण्याने कमी मेमरीचं कार्ड घेतलं होतं आणि आता तो शेती करत होता. या दोन घटनांचा संबंध काय, ते विचारायचं साहेबांना सुचलं नाही.

संध्याकाळपर्यंत साहेबांनी फुलस्केप कागदावर तक्ता आखला. डावीकडे अकरा कार्डं, वर चौदा रकाने. नंबर, पंखे, मेमरी, हमीचा काळ, डब्याचा रंग, विक्रेत्याची वागणूक. पट्टीने आखलेला, लाल शाईने अधोरेखित केलेला असा तो तक्ता बघून दंतवैद्यांनी त्याची एक प्रत मागून घेतली. चौदा रकान्यांत लांबीचा रकाना नव्हता.

बुधवारी साहेब दुकानात गेले. दुकान मोठं होतं. काउंटरमागचा विक्रेता जाड चष्म्याचा, शांत माणूस होता. त्याने तक्ता आदराने दोन्ही हातांत धरला, पूर्ण वाचला आणि घडी घालून परत दिला.

"आपलं कॅबिनेट केवढं आहे?" त्याने विचारलं.

कॅबिनेट म्हणजे ज्याच्या पोटात सगळा कॉम्प्युटर असतो तो डबा, हे साहेबांना ठाऊक होतं. तो केवढा आहे हे नव्हतं. पण समोरच्या माणसाने माप विचारावं आणि आपण 'माहीत नाही' म्हणावं, असा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता. तो आज येऊ द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं.

"नेहमीचं," ते म्हणाले.

"नेहमीचं म्हणजे?"

"नेहमीचं असतं तेवढं."

विक्रेत्याने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि दोन पंख्यांचं, मोठ्या नंबरचं, स्वस्तातलं कार्ड काढून दिलं.

घरी येऊन कॅबिनेटची बाजू उघडण्यात आली. कार्ड मागच्या खाचेत टेकलं, पण पुढचं टोक आत जाईना. कारण पुढे हार्ड डिस्क ठेवायचा लोखंडी पिंजरा होता. साहेबांनी कार्ड तिरकं करून पाहिलं. उलटं करून पाहिलं. मग श्वास रोखून पाहिलं, जणू त्याने कार्ड बारीक होणार होतं.

बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "मोजलं नव्हतं?"

वाक्य साधंच होतं. आवाजात चेष्टा नव्हती, राग नव्हता. पण साहेबांना भर बाजारात कुणीतरी टोपी उडवल्यासारखं झालं. त्यांनी खिशातून खात्याची पोलादी टेप काढली आणि मोजलं. कार्ड अठरा मिलिमीटरने जास्त होतं.

"अठरा," ते म्हणाले.

"आता कळून काय उपयोग?" असं बाई म्हणाल्या नाहीत. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि तिकडून बराच वेळ भांडी घासायचा आवाज आला. ती भांडी सकाळीच घासून झाली होती.

गुरुवारी साहेब कार्ड परत करायला गेले. परतीचा काउंटर वेगळा, त्याची रांग वेगळी आणि त्याचा फॉर्म तिसरीकडे मिळायचा. फॉर्म भरत भरत साहेब 'परत करण्याचे कारण' या रकान्यापाशी आले आणि पेन थांबलं. तिथे तीन चौकटी होत्या. माल खराब. माल चुकीचा. इतर. माल खराब नव्हता आणि साहेब खोटं लिहिणाऱ्यातले नव्हते.

"इतर करा आणि खाली लिहा," काउंटरवरची कारकून म्हणाली. मग तिने वर पाहिलं आणि खुर्चीतून अर्धी उठली. "अरे, साहेब तुम्ही! ओळखलं नाहीत? मागच्या वर्षी आपण तपासणीला आला होतात. डब्यांवर लांबीरुंदी ठळक छापलेली नाही म्हणून आम्हाला नोटीस दिली होती."

"असेल," साहेब म्हणाले.

"तेव्हापासून आम्ही प्रत्येक डब्यावर स्टिकर लावतो. हे बघा." तिने साहेबांच्याच हातातला डबा फिरवला. बोटभर उंचीच्या काळ्या अक्षरांत कार्डाची लांबी लिहिलेली होती. "आता आंधळ्यालाही दिसेल, असं आमचे मालक म्हणतात. बरं, कारण काय लिहू साहेब? गिऱ्हाइकाने माप घेतलं नाही, असं लिहू? आणि खाली आपली सही आणि हुद्दा."

रांगेत मागे सहा माणसं होती. त्यांतला एक किराणावाला होता. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, तरी तो हसत नाहीये हे त्यांना स्पष्ट जाणवलं. न हसण्यासाठी तो किती कष्ट घेतोय, हेही जाणवलं.

"नाही, नाही," साहेब फॉर्मची घडी घालत म्हणाले. "परत करायचं नाहीये. पद्धत कशी आहे ते बघायला आलो होतो. पद्धत चांगली आहे."

"शेरा लिहाल का साहेब वहीत?"

साहेबांनी वहीत 'कामकाज समाधानकारक' असा शेरा लिहिला, सही केली आणि कार्ड घेऊन बाहेर पडले.

आता दोनच गोष्टी शक्य होत्या. कार्ड लहान होणं किंवा डबा मोठा होणं. साहेब कॅबिनेट काखेत मारून पत्र्याच्या पेट्या बनवणाऱ्याकडे गेले. पत्रेवाल्याने कॅबिनेटचं पोट निरखलं, बोटाने वाजवलं आणि म्हणाला, "हा पिंजरा कापला की झालं. किती कापू?"

"अठरा मिलिमीटर."

"वीस कापतो."

"अठरा," साहेब म्हणाले. "मी तीनदा मोजलंय."

पत्रेवाल्याने अठराच कापले. काम बघत राहावं असं झालं, धार घासून गुळगुळीत केली, वर तेलाचा हात फिरवला. फक्त त्या पिंजऱ्यामागून दोन बारीक वायरी गेल्या होत्या, त्याही अठरा मिलिमीटरने कापल्या गेल्या. त्या कॉम्प्युटर चालू करायच्या बटणाच्या होत्या.

घरी आल्यावर हे उघड झालं. मुलाला फोन गेला. त्याने पत्रेवाल्याचा भाग पुन्हा एकदा सांगायला लावला. मग तो म्हणाला, "बाबा, मदरबोर्डवर जिथे ती वायर लागते तिथे दोन बारक्या पिना आहेत. त्यांना एका क्षणापुरता चमचा टेकवा. चालू होईल. पण दुसरीकडे कुठे टेकवू नका हं."

"चमचा कुठला?"

"कुठलाही, बाबा."

साहेबांनी चहाचा चमचा घेतला, पुसला, टेकवला. कॉम्प्युटरने एकदा उसासा टाकला आणि पडद्यावर ओळ आली की कार्डाला वेगळी वीज जोडा. कार्डाच्या पाठीवर सहा भोकांची एक खाच होती, आणि त्या खाचेत जाणारी वायर जुन्या कॉम्प्युटरात नव्हतीच. वायर हवी तर एसएमपीएस नवा हवा. एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज वाटून देणारा डबा. मोठ्या कार्डाला मोठा एसएमपीएस लागतो, हे दंतवैद्यांना आधीपासून माहीत होतं. "तुम्ही विचारलंच नाही," ते म्हणाले.

शुक्रवारी सकाळी नवा एसएमपीएस आला. या वेळी साहेबांनी दुकानात उभं राहून त्याची लांबी, रुंदी, उंची मोजली आणि ती कागदावर लिहून घेतली. घरी येऊन जागा मोजली तेव्हा कळलं की मोजायची होती ती जागा आधी, डबा नंतर. एसएमपीएस कॅबिनेटात मावेना. मग तो जेवणाच्या टेबलावर कॅबिनेटच्या शेजारी ठेवण्यात आला आणि त्याच्या वायरी उघड्या बाजूने आत सोडण्यात आल्या. कार्ड जड होतं, पुढून वाकत होतं, म्हणून त्याच्याखाली बाईंच्या शिवणाच्या पेटीतलं निळ्या दोऱ्याचं रीळ उभं केलं. एक किलोचं खात्याचं प्रमाणित वजन तिथे नेमकं बसत होतं, पण सरकारी वजन खाजगी कार्डाखाली ठेवणं साहेबांच्या तत्त्वात बसेना.

चमचा टेकवला. या वेळी सगळं चालू झालं. पडद्यावर वाचनालय उमटलं. खिडक्यांतून ऊन आलं, बुटकी कपाटं उजळली, तेवीस खुर्च्या आपापल्या जागी दिसल्या. बाईंनी चोविसावी ठेवली.

आवाजाचा विषय मात्र वेगळा होता. कार्डाचे दोन पंखे आणि एसएमपीएसचा एक, असे तीन पंखे तीन वेगवेगळ्या सुरांत सुरू झाले. टेबलावरची बशी हळूहळू कडेकडे सरकू लागली. बाईंना फोनवर बोलायचं असेल तर जिन्यात जावं लागे. संध्याकाळी चार वाजता दाराखालून एक कागद आत आला. 'आपल्या सदनिकेत विनापरवाना यंत्रसामग्री बसवून उद्योग चालवला जात असल्याचे निदर्शनास आले आहे. उद्या सकाळी प्रत्यक्ष पाहणी करण्यात येईल. सेक्रेटरी.' खाली शिक्का होता. तो कोरा करकरीत दिसत होता, बहुधा पहिल्यांदाच वापरला गेला होता.

"मोठा नंबर घ्या म्हणून हेच सांगत होते ना?" बाई ओरडून म्हणाल्या. ओरडून म्हणजे रागाने नव्हे, ऐकू जावं म्हणून.

खरी अडचण पुढे होती. कॉम्प्युटर घेऊन शनिवारी वाचनालयात जायचं होतं. आता त्यात कॉम्प्युटर म्हणावं असं काही उरलं नव्हतं. एक उघडा डबा, बाहेर एक बंद डबा, मधे वायरींचा पूल आणि खाली रीळ. ते टेबलावरून हलवणं शक्य नव्हतं. क्लासच्या सरांचा कॉम्प्युटर मिळाला असता, पण सर आठवडाभर गावाला गेले होते. बाईंनी वाचनालयात फोन केला. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "मला काही हरकत नाही हो, पण सभेची जागा बदलायची तर तीन दिवस आधी लेखी अर्ज लागतो. नियम आहे."

बाईंनी फोन ठेवला. जिन्यातल्या पायरीवर त्या बसून राहिल्या. साहेब दारात उभे होते. सोमवारपासून पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं की बाई रागावलेल्या नाहीत. त्या घाबरल्या आहेत. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांची चित्रं तपासून त्यांनी आता स्वतःचं एक चित्र काढलं होतं, आणि ते दाखवायच्या आधीच आपण त्याच्या आड आलो आहोत.

साहेब खाली बसले. नियम हा त्यांच्या घरचाच विषय होता. दहा मिनिटं त्यांनी विचार केला आणि फोन मागितला.

"ग्रंथपालबाई, सभा तिथेच ठेवा. पण सभेचा भाग म्हणून समिती स्थळपाहणीला जाऊ शकते ना? स्थळपाहणीला आगाऊ अर्ज लागतो का?"

तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "नाही. फक्त पाहणीच्या नोंदवहीत हजर असलेल्यांची नोंद करावी लागते."

"मग उद्या अकराला स्थळपाहणी. पत्ता लिहून घ्या."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग चहा केला तेव्हा त्यात आलं जास्त होतं.

शनिवारी अकराला समिती आली. अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर होते, उंच, कानात यंत्र लावलेले. त्यांच्याबरोबर ग्रंथपालबाई होत्या. त्यांच्या पाठोपाठ सेक्रेटरीही शिरले, हातात वही घेऊन, विनापरवाना यंत्रसामग्रीच्या पाहणीला. कालची नोटीस बाई धांदलीत विसरल्या होत्या. त्यांना वाटलं, तेही समितीसोबतच आले असतील, आज औपचारिक आहेत म्हणून ओळख दाखवत नाहीत. त्यांनी सेक्रेटरींना मधल्या खुर्चीत बसवलं आणि पहिला चहा त्यांना दिला. निवृत्तीनंतर सेक्रेटरींना कुणी मधल्या खुर्चीत बसवलं नव्हतं. ते बसले आणि वही त्यांनी मिटून मांडीवर ठेवली.

साहेबांनी चमचा टेकवला. तिन्ही पंखे सुरू झाले. वाचनालय पडद्यावर आलं आणि बाई बोलू लागल्या. कपाटं बुटकी का, खिडकीखाली बसायचे कट्टे का, भिंतीचा पिवळा रंग असाच का. दोन मिनिटांनी अध्यक्षांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं आणि मग ते प्रसन्न चेहऱ्याने सगळ्यालाच मान हलवू लागले.

ग्रंथपालबाईंनी हात वर केला. "आमच्याकडे एक मुलगी येते," त्या मोठ्याने म्हणाल्या. "चाकाच्या खुर्चीत. कपाटं इतकी जवळ आहेत की ती दारातच थांबते. आई एकेक पुस्तक आणून दाखवते, आणि ती हो किंवा नाही म्हणते. तुमच्या खोलीत ती आत येईल का? शेवटच्या कपाटापाशी तिला वळता येईल?"

बाईंनी पडद्यावरची खोली फिरवली. दोन कपाटांमधून चित्र पुढे गेलं, शेवटी वळलं, परत आलं.

"कॉम्प्युटरमध्ये काय, काहीही वळतं," सेक्रेटरी म्हणाले. त्यांना आपण कशासाठी आलो याचा विसर पडला होता.

खोलीत फक्त पंखे बोलत होते. अध्यक्ष मान हलवत होते. बाईंनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा त्या तिघांकडे.

"अहो," त्या म्हणाल्या, "बंद करा ते."

साहेबांना आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. पाच दिवस. चौदा रकाने, परतीची रांग, पत्रेवाला, चमचा. "बंद?"

"बंद करा. आणि टेप काढा."

साहेबांनी बंद केलं. पंखे एकामागोमाग एक थांबले. अध्यक्षांनी यंत्र पुन्हा कानात घातलं. बाई उठल्या आणि जेवणाच्या टेबलाभोवतीच्या चार खुर्च्या ओढून हॉलच्या मध्यभागी दोन ओळींत लावल्या. "ही समोरासमोरची कपाटं. मधलं अंतर मोजा."

साहेब गुडघ्यांवर बसले. "नव्वद सेंटीमीटर."

"नक्की?"

"नव्वदला नव्वद," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात नकळत अभिमान आला. बाईंनी ते अंतर नुसत्या नजरेने लावलं होतं.

"ओळी संपल्या की पुढे भिंतीपर्यंत किती?"

"एकशे पंचावन्न."

"वळायला दीडशे पुरतात. आता या खुर्चीत बसा." ती कॉम्प्युटरसमोरची चाकाची खुर्ची होती. बाईंनी तिच्या दोन हातांवर आपला चित्रकलेचा लाकडी फळा आडवा ठेवला. "खरी खुर्ची याहून रुंद असते. फळा पासष्ट सेंटीमीटर आहे, तेवढीच. पाय वर घ्या. कोपर आत."

काटेसाहेबांनी पाय वर घेतले. तीस वर्षं ज्यांना बघून तराजू सरळ व्हायचे ते निरीक्षक समोर आडवा फळा धरून, गुडघे पोटाशी घेऊन, चहाच्या कपांसमोर बसले होते. बाईंनी मागून ढकललं. खुर्ची दोन्ही ओळींमधून गेली. शेवटी थांबली, गोल वळली. फळ्याचं टोक भिंतीपासून बोटभर राहिलं. परत आली. कुठे टेकली नाही.

"पुन्हा," अध्यक्ष म्हणाले. "मुलं एवढ्या हळू जात नाहीत."

बाईंनी पुन्हा ढकललं, जोरात. साहेबांनी डोळे मिटून घेतले. वळणावर त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, पण खुर्ची कुठे लागली नाही.

"मी बघू का ढकलून?" सेक्रेटरी उठले. तिसरी फेरी त्यांनी मारली. चौथीला ग्रंथपालबाईंनी विचारलं, "साहेब, तुम्ही हात बाहेर काढून वरच्या कप्प्यातलं पुस्तक घ्या बघू." साहेबांनी ओळीतल्या खुर्चीच्या पाठीच्या कडेला हात नेला. हात सहज पोहोचला. ग्रंथपालबाईंनी पदराने चष्मा पुसला.

"रंग बघायचे राहिले," अध्यक्ष म्हणाले. मग पुन्हा चमचा टेकवण्यात आला, पाच मिनिटं तिन्ही पंखे गरजले आणि सगळ्यांनी पिवळी भिंत पाहिली. अध्यक्षांनी यंत्र या वेळी काढलं नाही, नुसती कानावर हाताची ओंजळ धरली. जाताना ते बाईंना म्हणाले, "ठराव सोमवारी होईल. तो कागदाचा भाग झाला. काम तुमचं."

बाई "बरं" म्हणाल्या. एवढंच. मग त्या खुर्च्या जागेवर लावायला वळल्या आणि एकच खुर्ची त्यांनी तीनदा लावली.

ग्रंथपालबाईंनी स्थळपाहणीची नोंदवही उघडली. "रचनाकार म्हणून बाईंचं नाव घेतलं. हे मधले गृहस्थ?"

"मी खालच्या मजल्यावर राहतो," सेक्रेटरी म्हणाले. त्यांनी आपली वही पाठीमागे नेली. "शेजारी. मार्गदर्शक शेजारी लिहा हवं तर."

"आणि साहेब, तुमचा हुद्दा?"

काटेसाहेबांनी नेहमीच्या सवयीने तोंड उघडलं. समोर बाई गुडघ्यांवर बसून टेप गुंडाळत होत्या, एकही पीळ न पडू देता.

"मदतनीस," ते म्हणाले.

ग्रंथपालबाईंनी पेन वर धरलं. "बाईंचे?"

"हो. लिहा."

सगळे गेल्यावर घरात खूप शांत वाटलं. बाईंनी टेप साहेबांच्या हातात दिली.

"मदतनीस म्हणे. मला कुणी विचारलंय?"

"नको असेल तर खोडायला सांगतो."

"राहू दे." बाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "सोमवारी वाचनालयाची खोली मोजायचीय. दहाला. उशीर केलेला मला चालत नाही."

"दहाला पाच कमी असताना तिथे असेन, बाई," काटेसाहेब म्हणाले. उभ्या नोकरीत त्यांनी कुठल्याच साहेबाला असा शब्द दिला नव्हता.